तेजाब, तांब्याचा पत्रा आणि ई नॉटचा तक्ता

व्होल्टमीटरला दोन वायरी असतात, एक लाल आणि एक काळी. बारावीला स्टँडर्ड इलेक्ट्रोड पोटेन्शियल (लिहायचं E°, म्हणायचं ई नॉट, एखादं आयन इलेक्ट्रॉन घ्यायला किती तयार आहे त्याचा व्होल्टमधला आकडा) शिकवायला घेतलं की मी आधी मल्टीमीटर टेबलावर ठेवतो आणि पोरांना म्हणतो, ह्यानं मला एकट्या झिंकचं पोटेन्शियल मोजून दाखवा. झिंकची पट्टी झिंक सल्फेटच्या पाण्यात उभी आहे, लाल वायर पट्टीला लावली, आता काळी कुठं लावणार? कुणीतरी म्हणतंच, सर पाण्यात बुडवा. बुडवली की त्या वायरीचं टोक, ते जे काय धातूचं असेल ते, पाण्यात गेलं आणि तिथं दुसरा इलेक्ट्रोड तयार झाला, म्हणजे मीटरवर जो आकडा येतोय तो झिंकचा नाही, झिंक आणि त्या टोकाच्या मधला आहे. मग दुसरं कुणीतरी म्हणतं, काळी वायर तशीच हवेत सोडा. हवेत सोडली तर मीटर काही धड सांगतच नाही.

एकट्याचं पोटेन्शियल मोजता येत नाही ही गोष्ट धड्यात एका ओळीत उरकलेली असते आणि पोरं ती ओळ वाचून पुढं सरकतात, कारण पुढं ई नॉटचा तक्ता आहे, तक्त्यात आकडे आहेत, आकड्यांवर गणितं येतात आणि गणितांना मार्क आहेत. मला विचाराल तर सगळा धडा त्या ओळीत आहे. झिंकची पट्टी पाण्यात उभी केली की तिच्यातले थोडे अणू इलेक्ट्रॉन पट्टीवरच ठेवून आयन होऊन पाण्यात उतरतात, त्यामुळं पट्टी किंचित निगेटिव्ह होते, आणि निगेटिव्ह झाली की तीच त्या आयनांना परत ओढायला लागते, असं करत करत एका जागी दोन्ही बाजूंचं जमतं आणि थांबतं. हे इतक्या थोड्या अणूंमध्ये होतं की कुठल्या तराजूला ते कळणार नाही. पण होतं नक्की, आणि तांब्याच्या पट्टीत पण होतं, फक्त वेगळ्या जागी थांबतं. त्या दोन जागांमधला फरक तेवढा आपल्या हाताला लागतो. डॅनियलनं १८३६ साली झिंक आणि कॉपरचा सेल केला तो हाच, दोन्ही बाजूला एक एक मोलर (लिटरमागे एक मोल आयन) द्रावण असलं की १.१० व्होल्ट. ह्यातले झिंकचे किती आणि कॉपरचे किती असं विचारलं तर त्याला उत्तर नाही, कारण १.१० हा दोघांचा मिळून आहे.

मग तक्त्यात झिंकसमोर −०.७६ आणि कॉपरसमोर +०.३४ असं वेगवेगळं कसं काय लिहिलंय?

सांगलीच्या पोरांना हे समजवायला लांब जावं लागत नाही, आयर्विन पूल आहे की. पावसाळ्यात अख्ख्या गावाचं लक्ष त्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ह्याकडं असतं, ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, तो आकडा इथं लहान पोराला पण पाठ आहे. आता हे ४० फूट कशापासून? समुद्रापासून तर नाहीच, सांगली गावच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वर आहे. त्या पुलापाशी एक शून्य धरलेलं आहे आणि तिथनं फूट मोजतात. तिकडं कोयना धरणाची पातळी सांगतात ती समुद्रसपाटीपासून, दोन हजार शंभराच्या वर फूट असते. दोन्ही आकडे पेपरात शेजारी शेजारी छापून येतात आणि कुणाचा गोंधळ होत नाही, कोण म्हणत नाही की कोयनेत पाणी पन्नास पट आहे. पाणी ४० वरनं ५७ वर गेलं म्हणजे १७ फूट चढलं, शून्य पुलाखाली धरा नाहीतर समुद्रात धरा, ते १७ तेवढेच राहणार, आणि कुणाच्या घरात पाणी शिरणार ते त्या चढण्यावर ठरणार.

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत ते शून्य हायड्रोजनला दिलंय. प्लॅटिनमचा पत्रा, त्यावर प्लॅटिनमचाच काळा भुसभुशीत थर, तो एक मोलर ॲसिडमध्ये बुडवलेला (काटेकोर बोलायचं तर हायड्रोजन आयनची ॲक्टिव्हिटी एक) आणि खालनं एक बार दाबानं शुद्ध हायड्रोजनचे बुडबुडे सोडलेले. ह्याचं पोटेन्शियल शून्य मानायचं, आणि ते पण सगळ्या तापमानांना शून्य. हे निसर्गात कुठं लिहून ठेवलेलं नाही, माणसांनी बसून ठरवलंय, हायड्रोजनला शून्य धरायची कल्पना नर्न्स्टची, ज्याचं समीकरण (१८८९ सालचं, द्रावण पातळ-दाट झालं की आकडा किती हलतो ते सांगणारं) आपण ह्याच धड्यात पुढं शिकतो. दाबाचं सुद्धा आधी एक ॲटमॉस्फियर होतं, १९८२ ला आयुपॅकनं, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, ते एक बार केलं, त्यानं आकड्यांत मिलिव्होल्टच्या पण छोट्या हिश्श्याचा फरक पडला, म्हणजे आपल्यापुरता नाहीच. आणि कुणाला अगदीच खाज असेल की नाही सर, खरं पोटेन्शियल किती ते सांगा, तर पोकळीत निवांत बसलेल्या इलेक्ट्रॉनला शून्य धरून हायड्रोजन इलेक्ट्रोडचा आकडा काढलेला आहे, साधारण ४.४४ व्होल्ट येतो. पण ते पण दुसरं शून्यच झालं ना.

तर झिंक −०.७६ म्हणजे एका बाजूला झिंक, एका बाजूला हा हायड्रोजन, आणि मधला फरक ०.७६, झिंक निगेटिव्ह बाजूला. कॉपर +०.३४ म्हणजे तसंच, फक्त कॉपर पॉझिटिव्ह बाजूला. दोघांमधलं अंतर काढायला ०.३४ वजा −०.७६, आले १.१०. शाळेच्या लॅबमध्ये प्लॅटिनम आणि हायड्रोजनचा सिलिंडर कोण ठेवतंय, कॉलेजात सुद्धा त्याच्या जागी कॅलोमेल इलेक्ट्रोड वापरतात, जो हायड्रोजनपेक्षा ०.२४ व्होल्ट वर आहे हे माहीत असतं, मग मोजायचं आणि ०.२४ चा हिशोब करायचा. शून्यापासून अंतर माहीत असलेली कुठलीही जागा चालते.

मायनस बघितला की पोरांना वाटतं ह्यात काहीतरी कमी आहे. तसं काही नाही. आपला तक्ता रिडक्शनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याचा आहे, प्रत्येक ओळ विचारते की हे आयन इलेक्ट्रॉन घ्यायला हायड्रोजन आयनपेक्षा किती तयार आहेत, आणि मायनस म्हणजे हायड्रोजनपेक्षा कमी तयार, उलट त्यांचा धातू इलेक्ट्रॉन देऊन टाकायलाच बसलाय. पूर्वी अमेरिकन पुस्तकांत ऑक्सिडेशनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन देण्याचा तक्ता असायचा, तिथं झिंकसमोर +०.७६ छापलेलं असायचं, दोन्ही बरोबर. १९५३ ला स्टॉकहोमला आयुपॅकनं रिडक्शनची रीत ठरवली आणि हळूहळू सगळे तिकडं आले. ज्याचा आकडा जास्त तो इलेक्ट्रॉन घेणार, ज्याचा कमी तो देणार, एवढं धरून ठेवलं तर बाकी पाठांतराच्या युक्त्या लागत नाहीत, आणि मी त्या शिकवत पण नाही.

आता मला ह्या तक्त्याबद्दल जे प्रेम आहे ते कुठनं आलं ते सांगतो. माझं आजोळ विट्याजवळचं. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव ह्या पट्ट्यात घरातला नाहीतर भावकीतला एखादा तरी माणूस गलाईत असतोच. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी, मोड, सराफाच्या दुकानातला केर सुद्धा, वितळवून आणि तेजाबानं धुऊन शुद्ध करायचा धंदा. दुष्काळी भाग, शेतीवर भागत नव्हतं म्हणून माणसं बाहेर पडली आणि पार केरळ-तमिळनाडूपासनं उत्तरेपर्यंत पसरली. माझे मामा पण असेच तमिळनाडूत बरीच वर्षं काढून परत आले आणि आता सांगलीत सराफ कट्ट्याजवळच्या एका बोळात त्यांची भट्टी आहे. केमिस्ट्री मामा शाळेत शिकलेले नाहीत. पण तक्त्यातला सोनं ते लोखंड हा सगळा टप्पा त्यांना हाताखालनं गेल्यामुळं माहीत आहे, आणि तो ते ज्या क्रमानं वापरतात तो मला अजूनही बघत बसावासा वाटतो.

दागिन्यातनं शुद्ध सोनं काढायचं तर आधी त्यात उलट अजून चांदी घालून वितळवतात, साधारण एक भाग सोनं आणि तीन भाग चांदी, कारण सोनं जास्त असलं तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. मग त्याचे पातळ तुकडे करून तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, गरम करायचे. तांबूस धूर उठतो, नायट्रोजन डायऑक्साइडचा, फुफ्फुसाला फार वाईट, मामांनी पंखा आणि धुराडं आता नीट करून घेतलंय पण ह्या धंद्यातल्या कितीतरी माणसांनी तो धूर वर्षानुवर्षं छातीत भरून घेतलाय हे विसरून चालत नाही. चांदी विरघळते, तांबं विरघळतं, आणि खाली तपकिरी पावडर उरते. ते सोनं. बघून विश्वास बसत नाही.

आता तक्ता उघडा. आम्लातल्या नायट्रेटचा आकडा +०.९६. चांदी +०.८०, तांबं +०.३४, दोघंही त्याच्या खाली, म्हणून नायट्रेट त्यांच्याकडनं इलेक्ट्रॉन काढून घेऊ शकतो. सोनं +१.५०, वर बसलंय, त्याला हात लागत नाही. तेजाबाचा सगळा धंदा ह्या ०.८० आणि १.५० च्या मधल्या फटीत चालतो. आणि सोनं पण विरघळवायचंच असेल तर अम्लराज लागतं, नायट्रिकमध्ये हायड्रोक्लोरिक. तिथं क्लोराइड येऊन सोन्याच्या आयनाला चारी बाजूनं धरतात, सोनं पाण्यात वेगळ्याच रूपात जातं, आणि त्या रूपाचा आकडा १.५० नसून १.०० च्या आसपास आहे, म्हणजे अम्लराजातल्या कडक नायट्रिकच्या आवाक्यात आला. धातू तोच, आकडा अर्ध्या व्होल्टनं खाली. म्हणून आकडा 'सोन्याचा' म्हणण्यापेक्षा सोनं आणि त्याचं पाण्यातलं अमुक एक रूप ह्या जोडीचा म्हणायला पाहिजे, तक्त्यात प्रत्येक ओळीत मधे तिरकी रेघ मारून दोन गोष्टी लिहिलेल्या असतात त्या त्याचसाठी.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. सोनं गाळून घेतलं, आता चांदी पाण्यात गेलीय ती परत काढायची. मामा ते पाणी टबात ओततात, पातळ करतात आणि त्यात तांब्याचा पत्रा उभा सोडतात. पहिले काही क्षण पत्रा नुसता काळपट होतो. मग कडेला, जिथं कात्रीनं कापलेलं असतं तिथं, राखाडी लव दिसायला लागते, ती बघता बघता वाढते, उजेडात बघितलं तर तिच्यात बारीक सुया चमकतात, टब जरा हलवला की सगळी लव गठ्ठ्यानं खाली पडते, आतला पत्रा परत उघडा होतो आणि त्यावर परत नवीन. तिकडं पाणी निळं, मग अजून निळं होत जातं. तांबं इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात चाललंय आणि तेच इलेक्ट्रॉन घेऊन चांदी बाहेर येतीय. मधे वायर नाही, मीटर नाही, ०.८० वजा ०.३४, म्हणजे ०.४६ व्होल्टचा फरक टबातल्या टबात खर्च होतोय. मामांचा हिशोब किलोभर चांदीला तीनशे ग्रॅम तांबं. कागदावर काढलं तर २९५ ग्रॅम येतं.

झालं की नाही ते बघायला वाटीत थोडं निळं पाणी घेऊन मिठाच्या पाण्याचा थेंब टाकतात, दुधाळ झालं तर चांदी शिल्लक आहे, सिल्व्हर क्लोराइड. नितळ राहिलं तर सगळी बसली. ही 'सगळी' किती सगळी असते ते ०.४६ वरनं काढता येतं, हा फरक समतोलाच्या स्थिरांकात घातला की एकावर पंधरा शून्यांच्या घरातला आकडा येतो, म्हणजे निळ्या पाण्यात एक मोलर तांबं झालेलं असेल तर लिटरमागे चांदी राहते ती दोनेक मायक्रोग्रॅम. अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी फरक, आणि त्यात एवढी पक्की वसुली! व्होल्ट दिसायला लहान असतात म्हणून पोरं त्यांना हलक्यात घेतात, तसं घेऊ नका.

एकदा मी विचारलं होतं, "मामा, तांबंच का टाकता? लोखंड स्वस्त आहे की."

मामा म्हणाले, "लोखंड टाकलं तर चांदीबरं तांबं बी खाली येतंय रं. मग ती परत शुद्ध करायची कुणी?"

हे वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगतो. लोखंड −०.४४, ते चांदी आणि तांबं दोघांच्याही खाली आहे म्हणून दोघांनाही पाण्यातनं बाहेर काढतं. तांबं मात्र फक्त स्वतःच्या वरच्यांनाच काढू शकतं, चांदीला. त्यामुळं चांदी तेवढी येते. तक्त्यातली कुठली पायरी निवडायची ते तुम्हाला काय हवंय आणि काय नकोय ह्यावर ठरतं. आणि चांदी काढून झाल्यावर उरलेल्या निळ्या पाण्यात मामा शेवटी लोखंडाचा भंगार टाकतात, तांबं पण वसूल, कारण ते निळं पाणी तसंच गटारीत सोडणं म्हणजे ओढ्यातल्या सगळ्या जिवांना विष घालण्यासारखंच आहे.

ह्या ठिकाणी वर्गात एक प्रश्न हमखास येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. सर, तांबं हायड्रोजनच्या वर आहे, मग नुसत्या ॲसिडमध्ये ते विरघळायला नको, मग पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं कसं? कळकतं ते हवेमुळं. ताकातला हायड्रोजन आयन तांब्याला काही करू शकत नाही, शून्य आणि ०.३४, पण हवेतला ऑक्सिजन आम्लात +१.२३ वर आहे, ताकाएवढ्या आंबटपणात धरला तरी एकच्या आसपास, आणि तो तांब्यापेक्षा कितीतरी वर झाला. हातात ॲसिडची बाटली असली तरी काम कोण करतंय ते ओळखायला लागतं. आज्जी लोक भांड्याला कल्हई करून घ्यायच्या, पितळ आणि ताक ह्यांच्या मधे कथलाचा थर.

तक्त्यात 'स्टँडर्ड' शब्द आहे त्याकडं पण बघायला लागतं, आणि त्यासाठी मी तासगावच्या द्राक्षबागेत जातो. बागाईतदाराला बोर्डो मिश्रण शिकवायला नको, एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, झालं एक टक्का. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागात १८८५ च्या सुमारास मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञानं मांडलं आणि आज आपल्याकडं केवड्यावर म्हणजे डाउनीवर अजून तेच मारतात. चुना पुरेसा पडला का ते बघायची जुनी रीत म्हणजे घासून लख्ख केलेला विळा नाहीतर खिळा त्यात थोडा वेळ बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, फवारलं तर पान करपणार, अजून चुना घाला. पातं जसंच्या तसं निघालं की मारायला मोकळे.

पात्यावर तांबूस येतं ते कळलंच असेल, लोखंड −०.४४, तांबं +०.३४, फरक ०.७८. पण ०.३४ हा आकडा एक मोलर द्रावणाचा आहे. एक टक्का मोरचूदाचं पाणी म्हणजे एक मोलरच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं, तिथं नर्न्स्टच्या समीकरणात घातलं तर ०.३४ चं ०.३० होतं. पंचवीस पट पातळ केलं आणि आकडा हलला कितीसा, ०.०४. दोन इलेक्ट्रॉनच्या कामात दर दहा पटीला फक्त ०.०३ व्होल्ट. चुना घातल्यावर मात्र तांबं हायड्रॉक्साइड होऊन निळ्या साक्यात अडकतं आणि मोकळं आयन पार कोट्यवधी पटीनं कमी होतं, पीएच नऊला हिशोब केला तर ०.३० चं ०.०५ च्या आसपास येतं.

इथं मी पोरांना थांबवून विचारतो, ०.०५ झालं तरी लोखंडाच्या −०.४४ पेक्षा वरच आहे ना, मग थर का नाही आला? हुशार पोरं इथं गप्प होतात आणि ते गप्प होणं मला फार आवडतं. तक्ता अजूनही म्हणतोय की होऊ शकतं. पण पाण्यात मोकळं तांबं इतकं थोडं उरलंय की पात्यावर दिसण्यासारखं काही बसतच नाही, शिवाय चुन्याच्या पाण्यात लोखंडावर स्वतःचाच एक बारीक थर धरतो. होऊ शकतं का हा एक प्रश्न, किती होईल हा दुसरा आणि किती वेळात होईल हा तिसरा. ई नॉटला फक्त पहिल्या दोनांशी घेणंदेणं आहे, तिसऱ्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

गणितातली एक गोष्ट मधेच सांगून टाकतो कारण त्यात पोरांचे मार्क जातात. चांदीची प्रक्रिया दोननं गुणली म्हणून ०.८० चे १.६० होत नाहीत, व्होल्ट म्हणजे एकेका कुलोंबमागे (कुलोंब हे विजेच्या भाराचं माप) किती ऊर्जा, कुलोंब दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट होते, कुलोंबमागची किंमत तीच. आणि दोन रिडक्शन एकापुढं एक जोडून तिसरं अर्धं समीकरण काढायचं असेल तर व्होल्टची सरळ बेरीज करू नका, इलेक्ट्रॉननं गुणून करा. लोखंडाचं तीन प्लस ते दोन प्लस +०.७७ ला एक इलेक्ट्रॉन, दोन प्लस ते धातू −०.४४ ला दोन, म्हणजे ०.७७ वजा ०.८८, उरले −०.११, भागिले तीन, −०.०४. सरळ बेरीज केली असती तर +०.३३ आलं असतं आणि लोखंड तांब्याच्या शेजारी जाऊन बसलं असतं.

लिथियमचं पण थोडक्यात. −३.०४, धातूंमध्ये सगळ्यात खाली, सोडियम −२.७१. मग सोडियम पाण्यात टाकला की धावतो, पेट घेतो, आणि लिथियम निवांत बुडबुडे सोडत बसतो, हे उलट कसं? लिथियमचा आयन एवढासा आहे, पाण्याचे रेणू त्याला घट्ट धरतात, त्या धरण्यातनं जी ऊर्जा सुटते तिनं त्याचा आकडा एवढा खाली गेलाय. सोडियम मात्र ९८ अंशाला वितळतो, प्रक्रियेच्या उष्णतेनंच त्याचा गोळा होतो आणि नवीन नवीन पृष्ठभाग पाण्याला मिळत राहतो, लिथियम वितळायला १८० लागतात. परत तोच तिसरा प्रश्न, वेळेचा.

तो तिसरा प्रश्न घरात पण सगळीकडं पडलेला आहे. जर्मनची पातेली म्हणजे ॲल्युमिनियम, −१.६६, तक्त्याप्रमाणं पाण्यात सुद्धा टिकायला नकोत. ऑक्साइडचा डोळ्याला न दिसणारा थर त्यांना सांभाळतो, आणि सोड्याचं कडक पाणी घातलं की तो थर जातो आणि पातेलं काळं पडतं.

पण मला ह्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण वाटतं ते इन्व्हर्टरची बॅटरी. एका प्लेटवर लेड डायऑक्साइड +१.६९, दुसऱ्यावर साधं शिसं, सल्फेट धरून −०.३६, दोन्ही मिळून २.०५ व्होल्ट, असे सहा सेल म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी. आणि मधे काय आहे? सल्फ्युरिक ॲसिडचं पाणी. पाणी फुटायला तक्त्याप्रमाणं १.२३ व्होल्ट पुरतात. म्हणजे हिशोबानं ही बॅटरी आपल्याच पोटातलं पाणी फोडून उतरून जायला पाहिजे, शिसं हायड्रोजन सोडणार, डायऑक्साइड ऑक्सिजन सोडणार. तशी जात नाही, कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आयननं इलेक्ट्रॉन घेऊन त्याचा बुडबुडा व्हायला अतिशय वेळ लागतो, आणि दुसऱ्या प्लेटवर ऑक्सिजनचं पण तसंच. त्या संथपणावर लोडशेडिंगच्या काळात अख्खा महाराष्ट्र पंखे चालवत होता.

म्हणून त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं असतं. बोअरच्या पाण्यात लोखंड असलं की त्याची तीन प्लस-दोन प्लस जोडी +०.७७ वर, म्हणजे −०.३६ आणि +१.६९ च्या बरोबर मधे येते. वरच्या प्लेटपाशी गेलं की ते इलेक्ट्रॉन देऊन तीन प्लस होतं, फिरत फिरत शिशाच्या प्लेटपाशी आलं की इलेक्ट्रॉन घेऊन परत दोन प्लस, परत तिकडं. बुडबुडा करायचा नाही त्यामुळं त्याला वेळ पण लागत नाही. बटण बंद, पंखा बंद, आणि लोखंडाचे थोडेसे आयन इकडचे इलेक्ट्रॉन तिकडं नेऊन बॅटरी उतरवत राहतात.